सुट्या पैशांतले नाणे खरे की खोटे?

मुंबई, प्रतिनिधी - भाजीवाल्याने परत केलेल्या सुट्या पैशांत दहाचे एक नाणे जरा वेगळे दिसते आणि गिऱ्हाइकाच्या मनात शंकेची पाल चुकचुकते. त्यावर रुपयाचे चिन्ह नाही, किरणांसारख्या रेघाही दहाऐवजी पंधरा आहेत. मग हे नाणे खोटे तर नव्हे?

बहुतेक वेळा ते खरेच असते. रुपयाचे चिन्ह नाण्यांवर २०११ पासून आले. त्यापूर्वीच्या दहाच्या नाण्यांवर ते असण्याचा प्रश्नच नव्हता. तोपर्यंत दहाच्या नाण्याचे १४ प्रकार चलनात आले असून ते सर्व वैध आहेत, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये प्रसिद्धीपत्रक काढून स्पष्ट केले. २०१९ मधील नवी मालिका आणि २०२२ मधील स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवाची नाणी ही त्यानंतरची भर. तरीही राज्याच्या अनेक भागांत 'दहाचे नाणे चालत नाही' हे वाक्य अजून ऐकू येते. प्रस्तुत प्रतिनिधीचे असेच एक खरे नाणे वाहकाने परत केले होते आणि मागच्या प्रवाशांनीही वाहकाचीच बाजू घेतली!

मात्र शंका अगदीच निराधार नाही. बनावट नाणी पाडणारे कारखाने पोलिसांनी उघडकीस आणले आहेत. दिल्लीत २०१६ मध्ये असाच एक कारखाना पकडला गेला होता. तेव्हा नाणे पारखायचे कसे, हे माहीत असलेले बरे.

पहिली पारख तुलनेची. संशयित नाण्याशेजारी त्याच किमतीचे, त्याच वर्षाचे आणि त्याच नक्षीचे नाणे ठेवावे. वर्ष सारखे असणे महत्त्वाचे, कारण पाच रुपयांची जुनी तांबे-निकेलची नाणी ९ ग्रॅमची, तर नंतरची पिवळसर नाणी ६ ग्रॅमची. दोन्ही खरी आहेत. दहाचे द्विधातू नाणे २७ मिलिमीटर व्यासाचे आणि ७.७१ ग्रॅम वजनाचे असते. सोनाराच्या काट्यावर वजनातील ठळक फरक लगेच कळतो.

त्यानंतर भिंगातून अक्षरे पाहावीत. टांकसाळीत नाणे प्रचंड दाबाखाली ठशाने उमटवले जाते. त्यामुळे अशोकस्तंभावरील सिंहांची आयाळ आणि 'सत्यमेव जयते'ची अक्षरे रेखीव येतात. साच्यात ओतलेल्या नाण्यावर ती फुगीर, पसरट दिसतात, पृष्ठभागावर बारीक छिद्रे राहतात आणि कडेवर सांध्याची रेघ आढळू शकते. दहाच्या नाण्यात बाहेरचे कडे आणि आतील चकती यांची जुळणी घट्ट असते. तिथे फट दिसली किंवा नुसता रंग चढवलेला वाटला, तर नाणे संशयास्पद समजावे.

नाणे पुस्तकाचे पान उलटावे तसे फिरवले, तर आपल्याकडे दोन्ही बाजू सरळ दिसतात. एक बाजू तिरकी किंवा उलटी आली, तर अधिक बारकाईने पाहावे. वर्षाखाली चौकटीसारखी खूण असेल तर नाणे मुंबईच्या टांकसाळीतले, तारा हैदराबादचा आणि ठिपका नोएडाचा. कोलकात्याच्या नाण्यांवर खूण नसते, म्हणून खूण नसलेले नाणे खोटे मानू नये.

चुंबकाचा उपाय अनेक जण छातीठोकपणे सांगतात. तो फसवा आहे. पोलादी रुपया चुंबकाला चिकटतो, तांबे-निकेलचा जुना रुपया चिकटत नाही.

नाणे खोटे असल्याची खात्री पटली, तर ते दुसऱ्याच्या गळ्यात मारण्याचा मोह आवरावा. ठाऊक असताना खोटे नाणे चालवणे हा गुन्हा आहे. ते बँकेत किंवा पोलिस ठाण्यात द्यावे, मात्र त्याचा मोबदला मिळत नाही. खरी नाणी मात्र बँकांनी स्वीकारलीच पाहिजेत. नाणे कायदा, २०११ नुसार एक रुपया व त्यावरील नाणी एका व्यवहारात एक हजार रुपयांपर्यंत वैध चलन आहेत. पन्नास पैशांचे नाणेही दहा रुपयांपर्यंत चालते. पंचवीस पैसे आणि त्याखालील नाणी मात्र ३० जून २०११ पासून बाद झाली.