शिंगराचा गारठा

राक्षसभुवन आमच्याच बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यात. १० ऑगस्ट १७६३ ला तिथं गोदाकाठी माधवराव पेशवे आणि निजाम यांच्या फौजा भिडल्या. लढाई ऐन पावसाळ्यातली. नववीत मास्तरांनी ती शिकवली, तवा माझ्या मनात एकच आलं, एवढ्या पावसात घोड्यांचं काय झालं असंल? कारण आदल्याच साली आमच्या घोडीचं शिंगरू पावसात गेलं होतं.

मराठ्यांच्या घोडदळातली भीमथडी तट्टं भीमेच्या खोऱ्यातली. अंगानं लहान, पण लई काटक. लढाया सरल्या, तरी तट्टू कुणब्याच्या दारात राहिलं. आमच्या पाटोद्याच्या डोंगरात धड रस्ते नव्हते. बाजार करायचा तर तट्टूच लागायचं.

बहात्तरच्या दुष्काळातून आज्यानं आमची घोडी जगवली. १९७४ च्या श्रावणात, झड लागलेली असताना ती व्याली. शिंगरू वलंचिंब, हुडहुडी भरलेली. आज्यानं दार लावलं, गोवऱ्या पेटवल्या आन शिंगरू आईपासून काढून जाळाजवळ ठेवलं. खाली मुताची वल, वर धूर. पहाटं ते गेलं. आजा दोन दिवस जेवला नाही.

दिवाळीनंतर धनगराचा वाडा आमच्या रानात मेंढ्या बसवायला आला. म्हातारीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, “जाळानं शिंगरू जगत नसतंय, बाळा. कोरडी जागा आन आईचा चीक, एवढंच त्याला लागतंय.”

दोन वर्षांनी घोडी पुन्हा पावसातच व्याली. या खेपेला शिंगरू पोत्यानं खसाखसा पुसून कोरडं केलं. खाली वीतभर कोरडं सरमाड टाकलं. वाऱ्याच्या अंगाला कूड बांधला, पण वर हवेला फट ठेवली. पाठीवर घोंगडं टाकलं, ते भिजलं की बदललं. तासाभरात शिंगरू उभं राहिलं, दोन तासांत आचळाला लागलं. आजा दारातच बसून होता. शिंगरू प्यायला लागलं, तसं त्यानं फेट्याच्या शेवानं डोळे पुसले.

पुढं जनावरांच्या डॉक्टरनं कारण सांगितलं. रोगाशी लढायची ताकद शिंगराला पोटात मिळत नाही, ती चिकातूनच येते. अन् पहिल्या दिवसानंतर चीक पाजला तरी ती ताकद अंगाला लागत नाही. उपाशी शिंगराच्या अंगात ऊब धरत नाही. धूर आन मुताचा उग्र वास त्याची छाती धरतो.

आता गावात फटफट्या आहेत. घोडी राहिली ती धनगरांकडंच. अवकाळी पाऊस आला की मी त्यांच्या घोड्या-शिंगरांना माझा गोठा मोकळा करून देतो. आज्याची चूक मायेपोटी झाली होती. तशी कुणाची होऊ नये, म्हणून हे लिहून ठेवलं.