ठाण्यातील तीस वर्षांचा मुक्काम

एखादी संस्था चित्रकाराला बोलावते, त्याच्या राहण्याजेवण्याची सोय करते आणि त्याने महिना-दोन महिने राहून त्या शहराची चित्रे काढावीत अशी अपेक्षा धरते. 'रेसिडेन्सी' या नावाने ही प्रथा आता रूढ झाली आहे. प्रथा चांगलीच आहे. पण सुधीर पटवर्धन यांचा ठाण्यातील मुक्काम निराळ्या जातीचा होता. त्यांना कोणी बोलावले नव्हते. ते तेथे नोकरी-व्यवसाय करून राहिले.

पटवर्धनांचा जन्म १९४९ साली पुण्यात झाला. तेथेच त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली, १९७३ साली ते मुंबईस आले आणि १९७५ पासून २००५ पर्यंत ठाण्यात क्ष-किरण तज्ज्ञ म्हणून काम करीत राहिले. चित्रकला ते स्वतःच्या बळावर शिकले. दिवसा रोग्याची हाडे व फुप्फुसे पाहावयाची आणि उरल्या वेळात रस्त्यावरची, लोकलमधली माणसे चितारावयाची, असा त्यांचा क्रम होता.

श्रमिकांची चित्रे आपल्याकडे त्यापूर्वीही निघाली होती. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाची रेखाटने करणारे चित्तप्रसाद पुढे मुंबईत राहिले. त्यांच्या चित्रांत चळवळीची हाक आहे. पटवर्धनांचा माणूस हाक देत नाही. १९७७ च्या 'इराणी रेस्टॉरंट'मध्ये तो नुसता बसलेला आहे. मे दिन म्हटला की आम्हां संघटनेच्या माणसांना मिरवणूक आणि लाल बावटे आठवतात. पटवर्धनांनी १९८१ साली 'ॲक्सिडेंट ऑन मे डे' हे चित्र काढले, ते अपघाताचे! सभेतला कामगार आम्हांला ठाऊक असतो. सभा सुटल्यावर एकटा घरी निघालेला माणूस तेवढा ठाऊक नसतो. तो येथे भेटतो.

ही चित्रे म्हणजे शहराची नक्कल मात्र नव्हे. 'टाउन' (१९८४) किंवा 'लोअर परळ' (२००१) यांतील देखावा कोणत्याही एका जागी उभे राहून दिसावयाचा नाही. निरनिराळ्या ठिकाणांहून पाहिलेले रस्ते, घरे, माणसे चित्रकाराने एका पटावर आणून बसविली आहेत. हे कल्पनेने रचलेले शहर आहे; तरी ते खोटे वाटत नाही. असे रचण्याचा अधिकार कल्पनेला दीर्घ वास्तव्यानेच मिळतो.

'लोअर परळ'चे साल ध्यानात घ्यावे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप मोडला. १९९१ च्या नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींवर नवे बांधकाम करण्यास वाट दिली आणि २००१ साली नियम बदलून ती वाट आणखी रुंद केली. त्याच साली हे चित्र झाले. कामगार किती आणि जमीन किती, हे इतिहासकार सांगेल. शहर बदलत असताना तेथे राहणाऱ्यास ते कसे दिसत होते, हे चित्रच सांगू शकते.

श्रमिकांची चित्रे अखेर धनिकांच्या भिंतींवर लागतात, असा आक्षेप घेतला जातो. तो रास्त आहे. पटवर्धनांनाही त्याची टोचणी असावी. कारण समकालीन भारतीय चित्रांचे एक प्रदर्शन त्यांनी २००८-०९ मध्ये महाराष्ट्रातील अनेक शहरांत फिरविले.

आता आपल्या वणीकडे पाहू. उकणी, निलजई, कोलारपिंपरी येथून निघालेल्या कोळशाचा टनांतला हिशेब सरकारदप्तरी आहे. परंतु शेत खाणीत गेल्यावर खाणीवरच कामाला लागलेला शेतकरी, पाळी बदलताना टपरीवर चहा घेणारी माणसे, कोळशाच्या धुळीने काळवंडलेली रस्त्याकाठची घरे यांचा हिशेब कोणत्या दप्तरात आहे? तो लिहावयास बाहेरचा चित्रकार आला, तर त्याचे स्वागत करू. पण येथेच दवाखान्यात, बँकेत वा खाणीवर नोकरी करणाऱ्या एखाद्याने उरल्या वेळात वही उघडली, तर तिला तीस वर्षांचा अवधी मिळेल. ती वही उघडली जावी, आणि तिला 'रिकामा उद्योग' म्हणून कोणी हसू नये.