ग्रीवा-वक्षसंधीतील चकती-भ्रंश
मानेचा सातवा व छातीचा पहिला मणका यांच्या संधीजवळील चकती मागे सरकून मेरुरज्जूवर किंवा तंत्रिकामुळावर दाब पडण्याचा विकार. मानेच्या मधल्या भागातील चकत्यांच्या मानाने येथील भ्रंश विरळा. पहिल्या बरगडीमुळे हालचाल मर्यादित असणे हे त्याचे एक कारण मानतात.

बॉस्टन येथील विल्यम मिक्स्टर व जोसेफ बार यांनी १९३४ मध्ये चकती-भ्रंश व तंत्रिकादाब यांचा संबंध स्पष्ट केला. तत्पूर्वी असे तुकडे बहुधा अर्बुदे समजले जात. तथापि हा संधी पुढेही दुर्लक्षित राहिला, कारण बाजूने घेतलेल्या क्ष-किरण चित्रात तो खांद्यांच्या छायेत दडतो. शिवाय लक्षणे हातात उमटतात. आठव्या ग्रीवा तंत्रिकेवर दाब आल्यास करंगळी बधिर होते व मूठ दुबळी पडते. पहिल्या वक्ष तंत्रिकेवर आल्यास क्वचित त्या बाजूची पापणी झुकते व बाहुली लहान होते. त्यामुळे कोपराजवळील तंत्रिकेचा विकार समजून उपचार चुकण्याचा संभव असतो. १९८० नंतर प्रसार पावलेल्या चुंबकीय अनुस्पंदन चित्रणाने ही अडचण बरीच दूर झाली.

भारतात जेकब चांडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोर येथे तंत्रिका-शल्यविभाग सुरू केला. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत या शाखेची पदवी नासिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (स्थापना १९९८) देते. दुबळ्या हाताचे कारण शोधताना हा संधी तपासण्यावाचून राहू नये, हाच या इतिहासाचा बोध होय.