परदेशात अडचण आली तर भारतीय दूतावास काय करतो, काय करत नाही? सातारा-सांगलीच्या कुटुंबांसाठी माहिती

पुण्याहून साताऱ्याकडे येताना आनेवाडीचा टोलनाका सगळ्यांनाच माहीत आहे. याच आनेवाडीशी कुलभूषण जाधव यांच्या कुटुंबाचं नातं आहे आणि त्यांचा जन्म सांगलीचा. भारतीय नौदलाचे हे निवृत्त अधिकारी मार्च २०१६ पासून पाकिस्तानच्या कैदेत आहेत. त्यांना बलुचिस्तानात पकडलं, ते हेर आहेत, असं पाकिस्तान म्हणतो. ते इराणमध्ये व्यवसाय करत होते, तिथून त्यांना पळवून नेलं, असं भारताचं म्हणणं आहे. एप्रिल २०१७ मध्ये तिथल्या लष्करी न्यायालयाने त्यांना फाशीची शिक्षा सुनावली. तोपर्यंत भारताच्या एकाही अधिकाऱ्याला त्यांना भेटू दिलेलं नव्हतं.

भारत हे प्रकरण मे २०१७ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात घेऊन गेला. १७ जुलै २०१९ रोजी १५ विरुद्ध १ मतांनी निकाल लागला. पाकिस्तानने जाधव यांना त्यांचे हक्क सांगितले नाहीत, भारतीय अधिकाऱ्यांना भेटू दिलं नाही, हा व्हिएन्ना कराराचा भंग आहे, असं न्यायालयाने म्हटलं आणि शिक्षेचा फेरविचार करायला सांगितलं. सुटकेचा आदेश मात्र दिला नाही. त्यानंतर २ सप्टेंबर २०१९ ला भारतीय अधिकारी त्यांना पहिल्यांदा भेटला. म्हणजे एका भेटीला साडेतीन वर्षं लागली.

ही बातमी आपण सगळ्यांनी वाचली. पण तो हक्क फक्त मोठ्या प्रकरणांसाठी नाही. रियाधमध्ये गाडी चालवणारा मिरजेचा पोरगा, कुवेतमध्ये वेल्डिंग करणारा कराडचा भाऊ, उमऱ्याला गेलेले साताऱ्याचे आजी-आजोबा, या सगळ्यांचा तो आहे. फरक एवढाच की आपल्याकडे उशीर होतो तो बहुतेक वेळा साध्या कारणाने : दूतावासाला कुणी कळवलेलंच नसतं.

हा हक्क नेमका काय आहे?

१९६३ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६ असं सांगतं :

- परदेशात अटक झालेल्या माणसाला 'तुझ्या देशाच्या दूतावासाला कळवायचं का?' हे तिथल्या पोलिसांनी सांगितलं पाहिजे.
- त्याने हो म्हटलं तर विनाविलंब कळवलं पाहिजे.
- दूतावासाचा अधिकारी त्याला तुरुंगात भेटू शकतो, पत्रव्यवहार करू शकतो, वकिलाची व्यवस्था करायला मदत करू शकतो.

यातली दुसरी ओळ नीट वाचा. कळवणं हे कैद्याच्या मागणीवर अवलंबून आहे. म्हणून परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाला एक वाक्य पाठ असू द्या : "मी भारतीय आहे, माझ्या दूतावासाला कळवा." अरबीत 'सफारा' म्हणजे दूतावास आणि 'सफारा हिंदिया' म्हणजे भारतीय दूतावास. अरबी कागदावर काय लिहिलंय ते कळत नसेल तर दुभाषा मागा. न समजलेल्या कागदावर सही किंवा अंगठा करू नका.

आधी कळू द्या, जायचं कुठे

दूतावास (आपल्याकडे वकिलातही म्हणतात) सहसा राजधानीत असतो. मोठ्या शहरात त्याची शाखा असते, तिला लोक कॉन्सुलेट म्हणतात. प्रत्येकाचा भाग ठरलेला आहे. चुकीच्या ठिकाणी गेलात तर दिवस आणि भाडं दोन्ही वाया जातं.

- सौदी अरेबिया : रियाध, दम्माम, अल-कसीम, हाइल हा भाग रियाधच्या दूतावासाकडे. मक्का, मदिना, जेद्दाह, ताइफ, यान्बू, तबूक, अबहा, जिझान हा भाग जेद्दाहच्या कॉन्सुलेटकडे. हज-उमऱ्याला गेलेल्यांनी जेद्दाह लक्षात ठेवायचं.
- संयुक्त अरब अमिरात : अबूधाबीसाठी तिथला दूतावास. दुबई, शारजाह, अजमान आणि बाकीच्या उत्तर अमिरातींसाठी दुबईचं कॉन्सुलेट.
- कुवेत, कतार (दोहा), ओमान (मस्कत), बहरीन (मनामा) : राजधानीतला दूतावास.

सौदीत शुक्रवार-शनिवार सुट्टी असते. पासपोर्ट नूतनीकरणासारखी रोजची कामं बऱ्याच देशांत नेमलेल्या खाजगी केंद्रांतून होतात, त्यासाठी आधी ऑनलाइन वेळ घ्यावी लागते. पण अटक, मृत्यू, मारहाण, उपाशी राहायची वेळ अशा प्रसंगी वेळ घेण्याची वाट पाहू नका. दूतावासाचा तातडीचा नंबर चोवीस तास असतो. जाण्याआधीच तो संकेतस्थळावरून घ्या, एक मोबाइलमध्ये आणि एक कागदावर. अटकेत मोबाइल पहिल्यांदा काढून घेतात. बऱ्याच दूतावासांत ठरावीक दिवशी 'ओपन हाउस' असतं, तिथे अधिकाऱ्यासमोर थेट तक्रार मांडता येते.

निघण्याआधी : विमानतळाच्या अलीकडचं काम

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर सहसा 'ईसीआर' नोंद असते. त्यांना खाडी देशांसह १८ देशांत नोकरीला जाताना १९८३ च्या स्थलांतर कायद्याखाली सरकारी मंजुरी लागते. ही मंजुरी 'ई-मायग्रेट' या सरकारी पोर्टलवरून मिळते. आपल्या भागासाठी त्याचं कार्यालय मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात आहे.

दलाल काय सांगतो? "मंजुरीचं झंझट नको, व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर बदलून देतो." इथेच घात होतो. व्हिजिट व्हिसावर गेलेल्या माणसाचा करार सरकारी नोंदीत नसतो. पगार बुडाला की दूतावास विचारतो, करार कुठे आहे? आणि हातात काहीच नसतं.

म्हणून चार गोष्टी तपासा :

१. एजंट नोंदणीकृत आहे का? परवाना क्रमांक ई-मायग्रेटवर पाहता येतो. गावातला 'सब-एजंट' हा प्रकार कायद्यात बसत नाही.

२. पैसे किती? नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी घेता येतो. पावती घ्याच. लाख-दीड लाख मागणाऱ्याला 'पावती देता का?' असं विचारून बघा.

३. विमा काढला का? प्रवासी भारतीय विमा योजनेत अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाख रुपयांचं संरक्षण आहे. हप्ता दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये, अधिक कर. ईसीआर पासपोर्टवाल्यांना तो सक्तीचा आहे. पॉलिसीची प्रत घरी ठेवा.

४. ईसीआर पासपोर्टवर घरकामासाठी जाणाऱ्या बाईचं वय किमान ३० पाहिजे. कमी वयाच्या मुलीला कुणी 'सोय करतो' म्हणत असेल तर तिला पाठवू नका.

घरातली फाइल

अम्मी किंवा भाभी, जी घरी राहणार आहे तिच्या हाती एक फाइल द्या. तिच्यात पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाची झेरॉक्स, व्हिसा, करार, एजंटची पावती, विमा, कंपनीचं नाव-पत्ता, कफीलचा नंबर आणि खोलीतल्या दोन साथीदारांचे नंबर असावेत. तिकडे पोचल्यावर इकामा किंवा तिथलं ओळखपत्र निघालं की त्याचा फोटो लगेच मागवून घ्या. पासपोर्ट क्रमांक नसेल तर दूतावासाचा अर्ज तिथेच अडतो.

अटक झाली किंवा माणूस बेपत्ता झाला तर

घरून कुणीही तक्रार करू शकतो, त्यासाठी दिल्ली गाठायची गरज नाही. परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' हे पोर्टल २०१५ पासून सुरू आहे. त्यावर नाव नोंदवून देश, दूतावास आणि तक्रारीचा प्रकार (तुरुंग, पगार, बेपत्ता, मृत्यू, नुकसानभरपाई वगैरे) निवडायचा, कागद जोडायचे. तक्रारीला क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. पुढचा प्रत्येक फोन, ईमेल, खासदारांना दिलेलं पत्र, सगळीकडे तोच क्रमांक लिहा. भारतातून प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा १८००-११-३०९० हा मोफत नंबरही आहे.

अर्ज लहान आणि सरळ लिहा : कोण, कुठे, कोणत्या तारखेपासून, शेवटचं बोलणं कधी, आता काय हवं आहे. रडगाणं कमी, तारखा जास्त.

मुंबईच्या हमीद अन्सारींचं उदाहरण इथे सांगायला हवं. नोव्हेंबर २०१२ मध्ये काबूलला गेलेला हा तरुण तिथून पाकिस्तानात गेला आणि गायब झाला. आई फौजिया अन्सारी यांनी सरकारकडे आणि पाकिस्तानातल्या वकिलांच्या मदतीने तिथल्या न्यायालयातही पाठपुरावा केला. तीन वर्षांहून जास्त काळ लोटल्यावर तो ताब्यात असल्याचं तिथल्या अधिकाऱ्यांनी कबूल केलं. १८ डिसेंबर २०१८ ला तो वाघा-अटारी सीमेवरून घरी परतला. एका आईच्या अर्जांनी सगळं केलं असं नाही, पण अर्ज नसते तर माणूस नोंदीतच आला नसता.

शिक्षा झाली असेल तर आणखी एक वाट आहे. २००३ च्या कैदी प्रत्यावर्तन कायद्याखाली, ज्या देशाशी करार आहे तिथला भारतीय कैदी उरलेली शिक्षा भारतात भोगण्यासाठी अर्ज करू शकतो. सौदी, अमिराती आणि कतार यांच्याशी असे करार झाले आहेत. दोन्ही देशांची संमती लागते आणि वेळ जातो, तरी विचारायला हवं.

पगार थकला, पासपोर्ट कफीलकडे अडकला

कामगाराचा पासपोर्ट मालकाने ठेवून घेणं खाडीतल्या बहुतेक देशांत बेकायदा आहे. पण रागाच्या भरात काम सोडून निघून जाऊ नका. सौदीत कफीलने 'हुरूब' म्हणजे पळून गेल्याची नोंद केली की हक्काचा माणूस गुन्हेगार ठरतो. आधी दूतावासाला लेखी कळवा, मग तिथल्या कामगार कार्यालयात तक्रार करा. पगाराचे मेसेज, बँकेचा उतारा, हजेरीचे फोटो जमवून ठेवा. पासपोर्ट हरवला असेल तर तिथल्या पोलिसांचा दाखला घेऊन नव्या पासपोर्टसाठी अर्ज करायचा. फक्त मायदेशी परतायचं असेल तर इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं.

हातात पैसेच नसतील तर २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. खरोखर गरजू माणसाला त्यातून तात्पुरता निवारा, जेवण, परतीचं तिकीट, तातडीचे उपचार आणि कायदेशीर मदत मिळू शकते. ती मागावी लागते, आपोआप येत नाही.

मय्यत : दफन तिकडे की इकडे?

अल्लाह कुणावर वेळ आणू नये, पण हा प्रश्न येतोच. मृत्यूनंतर दूतावासात नोंद होते, पासपोर्ट रद्द होतो आणि ना-हरकत पत्र दिलं जातं. मय्यत आणायची की तिकडेच दफन करायचं, हे वारसांनी लेखी कळवावं लागतं. घरात दोन मतं असली तर कागद थांबतो आणि मय्यत शवागारात पडून राहते. घरच्यांनी एकत्र बसून लवकर निर्णय करावा, नोटरी केलेलं संमतीपत्र द्यावं आणि तिकडच्या एका विश्वासू माणसाच्या नावे अधिकारपत्र करावं. आणण्याचा खर्च आधी मालकाकडे मागायचा. तो देत नसेल आणि घरची ऐपत नसेल तर कल्याण निधीतून मदत मागता येते.

दफन तिकडे झालं तरी थकलेला पगार, सेवेची रक्कम, नुकसानभरपाई आणि विमा यांवर वारसांचा हक्क राहतो. त्यासाठी वारस दाखला आणि मुखत्यारपत्र लागतं. बऱ्याचदा ही रक्कम जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत येते, म्हणून सांगली किंवा साताऱ्याच्या कार्यालयातही चौकशी चालू ठेवा. बेवा आणि मुलांचा हक्क 'जाऊ दे' म्हणून सोडू नका.

दूतावास काय करू शकत नाही

तो कैद्याला सोडवू शकत नाही, तिथल्या न्यायाधीशावर दबाव आणू शकत नाही, तिथला कायदा आपल्यासाठी बदलत नाही. 'दूतावासात ओळख आहे, दोन लाखांत सोडवतो' म्हणणारा माणूस तुम्हाला लुटतोय, एवढं समजा. मदद पोर्टलवर तक्रार करायला पैसे लागत नाहीत.

जाधव यांच्या आई आणि पत्नी २५ डिसेंबर २०१७ ला इस्लामाबादेत त्यांना भेटल्या, तेव्हा मध्ये काच होती. आईला मराठीतून बोलू दिलं नाही, असं भारताने नंतर सांगितलं. आपल्या पोराशी आपल्या भाषेत बोलता न येणं म्हणजे काय, हे सातारा-सांगलीच्या कुठल्याही आईला वेगळं सांगायला नको. त्यांच्यासाठी अख्खं सरकार उभं राहिलं, तरीही एवढा वेळ लागला. आपल्या घरच्यासाठी पहिला कागद आपल्यालाच हलवायचा आहे. ती फाइल आजच तयार करा.