लेबल पुसले, आवाज उरला

आपल्या चळवळीचा इतिहास लिहिणारे कागद शोधतात. ठराव, पत्रे, जुन्या वर्तमानपत्रांचे अंक चाळतात. ते योग्यच आहे. पण ज्यांच्या हाती पिढ्यानपिढ्या लेखणी येऊ दिली नाही, त्यांनी आपला इतिहास गाऊन ठेवला. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याकडे हजारो माणसे चालत गेली. त्यांतल्या थोड्यांचीच नावे पुस्तकांत आली. त्या दिवसाची हकीकत निरक्षर वस्त्यांपर्यंत नेली ती जलशांनी. सत्यशोधक जलशाची रीत आंबेडकरी जलसाकारांनी उचलली. भीमराव कर्डकांच्या जलशानंतर वामनदादा कर्डक (1922–2004), विठ्ठल उमप (1931–2010), प्रल्हाद शिंदे यांनी भीमगीत घरोघर पोचवले. त्यांतले काही पुढे तबकड्यांवर आले. म्हणून तबकडी हाही दस्तऐवज आहे, असे मी मानतो.

माझ्या आत्याचे यजमान मुंबईत गिरणी कामगार होते. दर भीमजयंतीला पगारातून एखादी रेकॉर्ड घ्यायची हा त्यांचा नेम. 1982 च्या संपानंतर ते महाडला परतले, तेव्हा भांड्यांबरोबर या रेकॉर्डांची ट्रंकही आली. 22 जुलै 2021 च्या महापुरात ती ट्रंक दोन दिवस पाण्याखाली राहिली. रायगडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडीत मी राहतो. तिथे ती आणली. तेवीस तबकड्या निघाल्या. वेष्टणांचा लगदा झाला होता. चौदांच्या लेबलांवरची अक्षरे चिखलाने आणि बुरशीने खाल्ली होती. खाचा मात्र शाबूत होत्या.

मग घरीच काम सुरू केले. शुद्ध पाण्यात साबणाचा एखादा थेंब टाकून, मऊ ब्रशने खाचांच्या दिशेनेच धुवायचे आणि सावलीत उभे वाळवायचे. सुईतून येणारा विद्युत्प्रवाह अतिशय क्षीण असतो. शिवाय तबकडी कापताना खर्ज दाबलेला आणि तार स्वर चढवलेला असतो. फोनो प्रीअॅम्प्लिफायर प्रवाह वाढवतो व ते प्रमाण मूळपदावर आणतो. तिथून आवाज संगणकात उतरतो. सेकंदाला 96,000 नमुने, प्रत्येक 24 बिटांचा, असे ठेवले की एका मिनिटाला सुमारे 35 मेगाबाइट जागा लागते. घाई इथे चालत नाही. वीस मिनिटांची बाजू उतरवायला वीस मिनिटेच लागतात, आणि मध्येच वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून.

खरखर काढण्याची सोय संगणकात आहे. पहिल्या उत्साहात मी ती जोरात चालवली, तर खरखरीबरोबर झांजेची किणकिणही गेली आणि शब्दांची धार बोथट झाली. तेव्हापासून कच्ची प्रत जशीच्या तशी ठेवतो. सफाई तिच्या नकलेवर.

आवाज वाचला; नावांचे काय? लेबलाच्या कडेला, जिथे खाच संपते त्या गुळगुळीत पट्ट्यावर कंपनीने क्रमांक उमटवलेला असतो. तो तिरप्या उजेडात वाचून संग्राहकांकडच्या शाबूत प्रतींशी ताडला. नऊ तबकड्यांचे गायक, कवी, संगीतकार सापडले. पाच अजून निनावी आहेत.

त्यांतली एक आत्याला ऐकवली. ती डोळे मिटून ऐकत होती. कोरस आला तशी म्हणाली, "अरे बाबा, ह्यो आवाज आमच्या चाळीतला. गिरणीतनं सुटला की तालमीला पळायचा. ह्याचं नाव कुठं छापलंय?" ते लेबलावर कधीच नव्हते. कोरसकऱ्याचे, ढोलकीवाल्याचे नाव छापण्याची तेव्हा रीतच नव्हती. पुराने पुसले ते वेगळे आणि मुळात लिहिलेच नाही ते वेगळे. पहिल्याला क्रमांक आहे. दुसऱ्याला फक्त आत्यासारख्यांची आठवण आहे, आणि तिचे वय सत्त्याऐंशी आहे.

नाव हा भावनेचाच प्रश्न नाही, हक्काचाही आहे. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षे टिकतो. कवीचा त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे. म्हणजे वामनदादांच्या शब्दांवरचा हक्क 2064 अखेरपर्यंत आहे. कवीचे नाव नसलेली फाइल हजार मोबाइलांतून फिरते, तेव्हा त्याच्या वारसांचा हक्क कुणी हिरावून घेतला हेही कळत नाही.

माझ्या घरासमोर रायगडाचा कडा आहे. लेकरासाठी तो कडा उतरलेल्या हिरकणीची गोष्ट लोककथा आहे. पण तिचे नाव बुरुजाला लागले, वाडीला लागले, म्हणून टिकले. आपल्या गायकांना बुरूज कोण देणार? निदान फाइलला नाव तरी देऊ. प्रत्येक फाइलमध्ये गायक, कवी, वादक, तबकडीचा क्रमांक, ती कुणाच्या घरातून आली आणि आवाज कुणी ओळखला, एवढे मी लिहितो. त्या कोरसकऱ्याचे नावही आता तिथे आहे.

तुमच्या वस्तीत अशा तबकड्या असतील, तर यंत्राची वाट पाहू नका. यंत्र पुढच्या वर्षीही मिळेल. आधी वही घ्या आणि म्हाताऱ्या माणसांजवळ जाऊन बसा.