पाण्याने वाळवलेली हवा

1902च्या उन्हाळ्यात ब्रुकलिनच्या सॅकेट-विल्हेल्म्स छापखान्यात रंग जागेवर बसत नव्हते. रंगीत चित्राचा कागद तेव्हा एकेका रंगासाठी पुन्हा पुन्हा यंत्रातून काढावा लागे. पहिला रंग कोरड्या दिवशी चढवला आणि दुसरा दमट दिवशी, की दरम्यान कागद फुगलेला असे. ओठांचा लाल गालावर सरके. ‘जज’ हे विनोदी साप्ताहिक तिथेच छापलं जाई, आणि साप्ताहिकाला पाऊस-दमटपणाची सबब चालत नाही.

काम आलं पंखे आणि हीटर बनवणाऱ्या बफेलो फोर्ज कंपनीकडे, तिथून पंचविशीतल्या विलिस कॅरिअरकडे. कॅल्शिअम क्लोराइडच्या द्रावणात भिजवलेल्या गोणपाटातून हवा काढून त्याने पाहिलं, मग तो नाद सोडला. उन्हाळ्यात थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तेच तत्त्व त्याने धरलं: गार नळ्यांवरून हवा फिरवायची आणि तिच्यातलं पाणी नळ्यांवर गाळून घ्यायचं. आर्द्रता बारा महिने 55 टक्क्यांवर ठेवायची होती. कामगारांना गारवा मिळावा, हा हेतू त्यात कुठेच नव्हता.

त्याच वर्षाच्या अखेरीस पिट्सबर्गच्या फलाटावर धुकं पाहताना त्याला पुढची गोष्ट सुचली, आणि ती ऐकायला उफराटीच वाटते: हवा वाळवायची तर तिला पाण्याने न्हाऊ घाला. पाण्याचे तुषार हवेच्या दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं त्यापेक्षा, थंड असले, की जादा बाष्प त्या तुषारांतच जमा होतं. हवा किती अंशांपर्यंत गार करायची ते ठरवलं, की तिच्यात किती पाणी उरणार तेही ठरतं. मग ती हवी तितकी तापवून खोलीत सोडायची. या यंत्राचं पेटंट 1906मध्ये मिळालं. माझ्या मते कॅरिअरची खरी करामत गारव्यात नाही, या हिशेबात आहे.

दरम्यान, 1904मध्ये पिट्सबर्गजवळ जेम्स गेलीने लोखंडाच्या झोतभट्टीत जाणारी हवा अमोनियाच्या शीतयंत्राने वाळवली होती. हवेतल्या बाष्पाचं विघटन करण्यात जळणारा कोक त्यामुळे वाचला.

गार नळ्यांची मर्यादा थंडीत उघडी पडते. दवबिंदू शून्याखाली न्यायचा म्हटलं की नळ्यांवर बर्फ साचतो. तिथे कॅरिअरने सोडून दिलेली क्षाराची वाट वेगळ्या रूपात कामी आली. स्वीडनच्या कार्ल मुंटर्सने 1950च्या दशकात शोषक चाक वापरात आणलं. मधमाशांच्या पोळ्यासारख्या छिद्रांच्या या चाकाला लिथिअम क्लोराइड किंवा सिलिका जेल लावलेलं असतं. ते संथ फिरतं. मोठ्या भागातून दमट हवा जाते आणि पाणी तिथेच सोडते, उरलेल्या भागातून उलट दिशेने तापवलेली हवा येऊन ते पाणी बाहेर नेते. ऊर्जा जास्त खातं, पण लिथिअम बॅटरीच्या कारखान्यात उणे 40 अंशांचा दवबिंदू लागतो, तेव्हा काम याच चाकाकडे जातं.