एकाच क्लबात राहिला, म्हणजे निष्ठावान होता?

जुन्या फुटबॉलवरचं काहीही वाचायला घ्या, एक वाक्य हमखास भेटतं: पूर्वीचे खेळाडू क्लबाशी निष्ठावान असायचे, आता सगळा पैशाचा खेळ झालाय. आज या वाक्याची उलटतपासणी करूया. तुम्हाला फुटबॉलमध्ये रस नसला तरी चालेल, कारण प्रश्न संशोधनाचा आहे. साधनांमध्ये एखादा सद्गुण दिसला, तर तो इतिहासाच्या विद्यार्थ्याने तपासायचा कसा?

सुरुवात नियमांपासून करू. इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉलला दोन नियमांनी बांधून ठेवलं होतं. पहिला कमाल वेतनाचा. १९०१ मध्ये ही मर्यादा आठवड्याला ४ पौंड होती आणि ती वाढत वाढत १९५८ मध्ये २० पौंडांवर पोचली. खेळाडू कितीही मोठा असो, त्याहून जास्त पगार द्यायला बंदी. दुसरा नियम 'रिटेन अँड ट्रान्सफर' पद्धतीचा. करार साधारणपणे एका वर्षाचा असे. हंगाम संपला की कोणाला ठेवायचं याची यादी क्लब काढी. यादीत नाव असलेल्या खेळाडूला, करार संपलेला असूनही, क्लबाच्या परवानगीशिवाय दुसरीकडे खेळता येत नसे. नव्या अटी नाकारल्या तर पगारही बंद होऊ शकत असे.

आता यात म्हातारपण घालून बघा. क्लबाला दर वर्षी नव्याने विचार करायची मुभा होती. खेळाडूचा वेग कमी झाला, गुडघा गेला, की त्याचं नाव यादीतून गळे. खेळाडूकडे मात्र असा दरवाजा नव्हता. बांधिलकी दोघांची म्हणायची, पण गाठ एकाच बाजूने सोडता येत होती.

टॉम फिनी हे निष्ठेचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण. जन्म १९२२, प्रेस्टनचाच. सगळी व्यावसायिक कारकीर्द प्रेस्टन नॉर्थ एंडकडे, लीगचे ४३३ सामने, १८७ गोल. १९५२ मध्ये इटलीतल्या पालेर्मोकडून त्यांना प्रस्ताव आला: करारावर सही करताना १०,००० पौंड, महिना १३० पौंड, शिवाय घर आणि गाडी. त्या वेळी इंग्लंडमधली कमाल मर्यादा आठवड्याला १४ पौंड होती. क्लबाने नकार दिला आणि विषय तिथेच संपला. फिनी प्रेस्टनमध्येच राहिले, नळजोडणीचा आपला धंदाही सांभाळत राहिले आणि १९६० मध्ये निवृत्त झाले.

मग फिनी निष्ठावान नव्हते का? असं म्हणणंही घाईचं होईल. गावाबद्दलचं त्यांचं प्रेम खरं होतं. पुढे ते क्लबाचे अध्यक्षही झाले. पण ते प्रेस्टनमध्ये राहिले एवढ्यावरून ते प्रेम सिद्ध होत नाही. जायची इच्छा असती तरी ते तिथेच राहिले असते. प्रेमाचा पुरावा वेगळीकडे शोधावा लागतो. राहण्याची वर्षं मोजून जो निष्कर्ष आपण काढतो, तो खरं तर नियमाचं वर्णन असतो. आणि तसं लिहून आपण त्या माणसाच्या हातून गेलेली संधी हिशेबातूनच पुसून टाकतो.

दुसरं उदाहरण स्टॅनली मॅथ्यूज यांचं. १९३८ मध्ये त्यांनी स्टोक सोडायची इच्छा दाखवली, तर शहरात निषेधाची सभा भरली; सुमारे ३,००० लोक जमले. ते थांबले. १९४७ मध्ये, ३२व्या वर्षी, त्याच स्टोकने त्यांना ११,५०० पौंडांना ब्लॅकपूलला विकलं. मग १९६१ मध्ये, वयाच्या ४६व्या वर्षी, स्टोकनेच त्यांना परत आणलं. ही जुनी माया होती का? प्रेक्षकांचे आकडे बघा: आठ हजारांच्या घरातली गर्दी त्यांच्या पुनरागमनाच्या सामन्याला पस्तीस हजारांवर गेली. मायाही असेल, पण तिकीटखिडकीही होती. मॅथ्यूज शेवटचा लीग सामना खेळले तेव्हा त्यांच्या पन्नाशीला पाच दिवस उलटले होते.

गाठ सुटली ती कोणाच्या मनपरिवर्तनाने नाही. खेळाडूंच्या संघटनेने संपाचा इशारा दिला आणि जानेवारी १९६१ मध्ये कमाल वेतन रद्द झालं. न्यूकॅसलने अडवून धरलेला जॉर्ज ईस्टहॅम कोर्टात गेला. १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी खेळाडूला असं रोखून धरणं म्हणजे व्यवसाय-स्वातंत्र्यावरचं अवाजवी बंधन, असा निकाल दिला. पुढे १९९५ च्या बॉसमन निकालाने युरोपीय संघात करार संपलेल्या खेळाडूसाठी पैसे मागण्याचा क्लबांचा हक्कच संपला.

गंमत अशी, की निष्ठा खऱ्या अर्थाने तपासता येते ती यानंतर. फ्रान्चेस्को टोट्टी रोमाकडून १९९३ ते २०१७ खेळला. त्याला जाता येत होतं, रेआल माद्रिदसारखा क्लब मागे होता, तरी तो राहिला. उलट बाजूही दिसते: शेवटच्या हंगामात तो बहुतेक वेळा बाकावरून मैदानात आला आणि निवृत्तीनंतर मिळालेलं संचालकपद, निर्णयांत आपल्याला स्थान नाही असं सांगून, त्याने २०१९ मध्ये सोडलं. इथे दोघांनाही पर्याय होते, म्हणून दोघांच्या वागण्यातून काही कळतं.

तुमचा विषय गिरणी कामगारांचा असेल, नाटक कंपनीतल्या नटांचा असेल, किंवा एखाद्या घराण्याच्या जुन्या चाकरांचा. कागदात 'एकनिष्ठ', 'इमानी' असे शब्द आले की लगेच टिपणवहीत उतरवू नका. आधी विचारा: या माणसाला सोडून जाता येत होतं का? गेला असता तर काय गमावलं असतं? आणि त्याचे हातपाय थकले त्या वर्षी समोरच्याने काय केलं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं करारात, नियमावलीत आणि कोर्टाच्या निकालात सापडतात. तिसऱ्याचं बहुधा पगाराच्या वहीत. गौरवपर लेख त्यानंतर वाचायला घ्या.